५ जानेवारीचा जोशी

गेल्या धाग्यात आपण अंबरनाथच्या शिवालयातील शके ९८२ चा शिलालेख पाहिला. लेख शिलाहार राजा मामवाणीच्या काळातला, पण त्यात छित्तराजदेवाचेही नाव येते. म्हणून देऊळ नेमके कोणी बांधवले याची चर्चा अभ्यासकांत होत आली आहे. लेखात नाव असणे वेगळे आणि कर्ता असणे वेगळे, असे मी तिथे लिहिले होते. ते वाचून आमच्या ठाकुर्लीच्या घरी काका म्हणाले, "शिलाहार राहू दे. मी एका जोशीचे काय केले ते ऐक."

जून १९९० मध्ये भारतात एक संगणक विषाणू प्रथम वेगळा करून ओळखला गेला. त्याला 'जोशी' म्हणतात. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात, म्हणजे बूट सेक्टरमध्ये, तो बसे. हार्ड डिस्कवर गेला की पार्टिशन टेबल बळकावी. वर्षभर निमूट राही. ५ जानेवारीला मात्र संगणक अडवून धरी आणि पडद्यावर 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकण्याची आज्ञा करी. शुभेच्छा दिल्या की यंत्र पुन्हा चालू!

काका तेव्हा फोर्टमधल्या एका कचेरीत नोकरीला होते. ५ जानेवारी १९९१ हा शनिवार, अर्ध्या दिवसाची कचेरी. सकाळीच दोन संगणक अडले. हिशेबखात्यात जोशी आडनावाचा एक तरुण कंत्राटी कारकून होता. आधी त्याची थट्टा झाली, मग चौकशी. साहेबांनी विचारले तेव्हा काकांनी पडद्याकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "नाव तर इथेच लिहिले आहे." महिनाअखेर त्या मुलाचे कंत्राट वाढवले गेले नाही. त्याचा जन्म ऐन आषाढातला होता. हे कळले, पण उशिरा.

आठवड्याने काकांनी त्या फ्लॉपींपैकी एक 'डीबग'मध्ये उघडली. डॉसबरोबर मिळणारे हे छोटे साधन. काळ्या पडद्यावर एक अक्षर टंकायचे: 'एल' म्हणजे सेक्टर स्मृतीत आण, 'डी' म्हणजे आतले बाइट दाखव, 'यू' म्हणजे त्या बाइटांचे यंत्राच्या आज्ञांत वाचन कर. डावीकडे पत्ते, मध्ये षोडशमान अंकांच्या जोड्या, उजवीकडे त्यातून वाचता येणारी अक्षरे. मोडी वाचायला बसल्यावर पहिल्या दिवशी माझे जे झाले, तेच काकांचे झाले असावे.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे अशी एक गोष्ट आहे. हा विषाणू स्मृतीत जागा असताना तुम्ही पार्टिशन टेबल वाचू गेलात, तर तो तुम्हाला निरोगी मूळ प्रत दाखवी. साधन प्रामाणिक, पण साक्षीदार पढवलेला! म्हणून आधी यंत्र पूर्ण बंद करायचे, मग लेखनबंद केलेल्या स्वच्छ फ्लॉपीने सुरू करायचे आणि त्यानंतरच वाचायचे. एक खूण तेवढी लपत नसे: 'चेकडिस्क' चालवले की एकूण स्मृती सुमारे ६ किलोबाइट कमी भरे.

काकांना आज्ञा दिसल्या, आज्ञा लिहिणारा दिसला नाही. १९८६ च्या 'ब्रेन' विषाणूत बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी स्वतःची नावे, लाहोरचा पत्ता, दूरध्वनीसुद्धा घातला होता. जोशीत तसे काही नाही. वाढदिवस लिहिणाऱ्याचा, मित्राचा की शत्रूचा, हे बाइट सांगत नाहीत. आडनावावरून तो आपल्याच मुलखातला ठरवणे हाही उतावळेपणा. जोशी गुजरातेत आहेत, कर्नाटकात आहेत, कुमाऊँतही आहेत.

तुम्ही म्हणाल, आज साधने सुधारली आहेत. खरे आहे. प्रोग्रॅममधली नावे काढून दाखवणारे 'एनएम' आणि ती पुसणारे 'स्ट्रिप' ही दोन्ही १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून आहेत. पुढे बेल लॅब्जमध्ये 'ड्वार्फ' नावाचा आराखडा घडला (सोबतच्या फाइलरचनेचे नाव 'एल्फ', तेव्हा जोडीला बुटका हवाच होता). त्यात यंत्राची कोणती आज्ञा मूळ मजकुराच्या कोणत्या ओळीतून आली याची नोंद असते. फंक्शनची, चलांची नावे असतात. कोणत्या फोल्डरमध्ये कंपाइल झाले तेही असते.

मी करून पाहिले. मित्राच्या लॅपटॉपवर 'सी' भाषेत शुभेच्छा छापणारा आठ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, डीबग माहितीसह कंपाइल केला आणि 'रीडएल्फ'ने वाचला. फोल्डरच्या मार्गात स्पष्ट नाव होते: मित्राचे. त्याने एक ओळही लिहिली नव्हती. तो तर चहा टाकत होता. मग 'स्ट्रिप' चालवले. मित्र गेला, फंक्शन गेले. 'स्ट्रिंग्ज'ने पुन्हा पाहिले तर शुभेच्छांचे वाक्य मात्र जागच्या जागी.

हे सारे मी काकांना दाखवले. त्यांनी चष्मा काढून पडदा जवळून पाहिला. म्हणाले, "डीबग मला तेव्हाही येत होते रे. आठवडाभर आधी उघडायला हवे होते."