दोराचं दुसरं टोक

मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडतो, गव्हाण थांबते, ऊसतोडीच्या गाड्या परतीला लागतात आणि गावाला वाटतं, कारखाना आता निजला. सुरक्षेचं काम करणाऱ्याचा हंगाम तिथून सुरू होतो. चालू यंत्राला माणसं भितात, कारण ते फिरतं, तापतं, आवाज करतं. रिकाम्या टाकीला कोणी भीत नाही. आणि ऑफ सीझनला माणसं उतरतात ती टाक्यांतच. कधी मळीची टाकी, कधी डिस्टिलरीचा फर्मेंटर, कधी ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाची, गाळाची टाकी.

रेठरे बुद्रुक, यशवंतनगर, साखराळे, कुंडल. कृष्णाकाठाने निघालं की एक धुराडं मागे पडेपर्यंत पुढचं दिसायला लागतं. मधे तासवडे, पलूस, कुपवाडच्या एमआयडीसी. मी आधी सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली, आता ऑडिट आणि प्रशिक्षणासाठी याच पट्ट्यात हिंडतो. फाउंड्रीत गेलो तर ओल्या भंगाराची भीती असते. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि भट्टी उसळते. प्रेस शॉपमध्ये नजर बोटांवर. पण झोप उडवते ती टाकी.

टाकीत नेमकं काय असतं? फर्मेंटरमध्ये किण्वनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड असतो. तो हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे तळाशी बसून राहतो. गाळाच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. दशलक्षात शंभर भागांच्या आसपास गेला की तो नाकच बधिर करतो, हे फार थोड्यांना. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस आणखी एक पायरी उतरतो. साध्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. मीटरवर 19.5 च्या खाली आकडा दिसला की आम्ही कोणाला आत सोडत नाही. हा एवढासा फरक शरीराला कळत नाही, म्हणून तर मीटर लागतो.

जत-आटपाडीकडच्या जुन्या लोकांना विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील सोडून बघायची रीत माहीत असते. कंदील विझला तर उतरायचं नाही. प्रशिक्षणात कोणीतरी हमखास हे सांगतं आणि मला त्या माणसाचा आदर वाटतो, कारण हवा तपासल्याशिवाय उतरू नये हे त्याला कायद्याआधी कळलेलं असतं. पण मग सांगावं लागतं, की फर्मेंटरमध्ये अल्कोहोलची वाफ असेल तर तोच कंदील टाकी उडवील, आणि हायड्रोजन सल्फाइड माणूस मारण्याइतका असला तरी कंदील शांतपणे जळत राहील.

अशा अपघातांत मरणारा पहिला माणूस पुष्कळदा एकटा नसतो. तो पडलेला दिसतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, तिसरा दोघांना. आपल्याकडे हे जास्त अवघड आहे. सहकारी कारखान्यात कामाला असतात सभासदांची पोरं, एकाच गावची, पुष्कळदा एकाच भावकीतली. ठेकेदाराची टोळीसुद्धा एका वस्तीवरून येते. खाली पडलेला हा कर्मचारी क्रमांक अमुक नसतो, तो चुलतभाऊ असतो, मेहुणा असतो. ‘उतरू नका’ असं मी कितीही मोठ्याने सांगितलं तरी ज्याचा भाऊ आत आहे तो ऐकणार नाही. ऐकावं अशी माझी अपेक्षाही खरं तर नसते.

पलूसकडच्या एका प्रशिक्षणात एका मुकादमानं सरळ विचारलं, “मग काय नुसतं बघत उभं ऱ्हायचं व्हय सायेब? गावात तोंड कसं दावायचं?” बाकीचे हसले नाहीत. सगळ्यांच्या मनातला प्रश्न तोच होता.

त्याचं उत्तर जुन्या कारखाने कायद्यात होतं, आणि मला ते फार माणसांत राहून लिहिल्यासारखं वाटतं. 1948 च्या या कायद्याचं कलम 36 अशा बंद जागांविषयी होतं. सक्षम व्यक्तीनं जागा तपासून लेखी दाखला द्यावा; नाहीतर उतरणाऱ्यानं श्वसनयंत्र लावावं, पट्टा बांधावा, पट्ट्याला दोर असावा आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावं. त्या दुसऱ्या टोकात मुकादमाचा प्रश्न सुटतो. बाहेरच्याला ‘थांब’ म्हणून भागत नाही, त्याच्या हाताला काम द्यावं लागतं. एकानं दोर धरायचा, एकानं टाकीच्या तोंडावरच्या तिवईची विंच फिरवायची, एकानं ब्लोअर बघायचा, एकानं धावत जाऊन भोंगा द्यायचा. वर ओढायची सोय हाताशी असली तर खाली उडी घेण्याची ऊर्मी त्या ओढण्यात जाते. मी सराव घेतो तो वाळूची पोती बांधलेल्या बाहुल्यावर, माणसाच्या वजनाच्या. पहिल्यांदा ओढताना टोळीतले गडी चकित होतात, बेशुद्ध माणूस इतका जड असतो होय!

टाकीत उतरायच्या परमिटचा कागद ऑफिसात पंख्याखाली भरू नये, टाकीच्या तोंडाशी उभं राहून भरावा, हा माझा हट्ट बऱ्याच मॅनेजरांना जाच वाटतो. सकाळी एकदम पाच परमिटांवर सह्या उरकल्या की काम लवकर सुरू होतं, हे खरंच आहे. पण सही करणारा तिथं गेला की त्याला दिसतं, शेजारच्या टाकीचा व्हॉल्व्ह नुसता बंद आहे, पाइपात ब्लँक, म्हणजे वाट बंद करणारी चकती, टाकलेली नाही. आतला दिवा 24 व्होल्टचा नाही, घरगुती होल्डर लोंबतोय. हे कागदावर कधीच दिसत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये कडेगाव तालुक्यात शाळगावच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात वायुगळती होऊन माणसं दगावली. त्यानंतर मला जे फोन आले त्यांत बहुतेकांना एवढंच हवं होतं, आपले कागद पुरे आहेत ना?

सुरक्षा अधिकाऱ्याला बहुसंख्य कामगारांची भाषा आली पाहिजे, अशी महाराष्ट्राच्या नियमांत अट आहे. ती केली तेव्हा मराठी डोळ्यांपुढे असणार. आज कुपवाडच्या फाउंड्रीत बिहार-ओडिशाची पोरं आहेत, परमिट इंग्रजीत आहे आणि भिंतीवरचा फलक मराठीत. दोर ओढण्याच्या खुणा मात्र मी एकच ठेवतो, एक झटका म्हणजे ठीक, तीन म्हणजे वर घ्या. त्या शिकायला भाषा लागत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून कारखाने कायद्याच्या जागी कामगारांच्या सुरक्षेची नवी संहिता लागू झाली. पूर्वी हजार कामगारांमागे येणारं सुरक्षा अधिकाऱ्याचं बंधन आता कारखान्यात पाचशेवर आलंय, धोकादायक कामात अडीचशेवर. पदं वाढतील. ती माणसं टाकीपर्यंत चालत जातील का, हे संहितेत लिहिता येत नाही.

एका बाबतीत माझं आणि एका जुन्या फिटर फोरमनचं अजून पटत नाही. दोर कोणी धरायचा? तो म्हणतो, आत जाणाऱ्याचा भाऊच पाहिजे. तो चहाला जाणार नाही, मोबाइल काढणार नाही. मी म्हणतो, भाऊ नकोच. आतला पडला की दोर टाकून पहिला तोच उतरेल. गेल्या ऑफ सीझनला आम्ही तडजोड केली. भाऊ विंचवर, आणि दोर धरायला दुसऱ्या गावचा गडी. फोरमनला ते मुळीच पसंत नव्हतं. त्या गड्याच्या मागे स्टूल टाकून तो दिवसभर तिथंच बसून होता.