ऐच्छिक

आमच्या महाविद्यालयाच्या वेळापत्रकात 'ऐच्छिक' हा शब्द आम्ही गेली कित्येक वर्षे वाचत आलो आहोत. ज्यावाचून पदवी अडत नाही ते ऐच्छिक, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. आणि आपला विषय त्या रकान्यात असल्याचे थोडेसे दुःख मराठीच्या बहुतेक प्राध्यापकांच्या वाट्याला येते. हाच शब्द मध्यंतरी आमच्यापुढे अगदी निराळ्या ठिकाणी आला. आमच्या धाकट्या बंधूंनी नवा जेसीबी घ्यायचे ठरविले, आणि विक्रेत्याने दिलेल्या यादीचा अर्थ लावण्याचे काम, घरातले शिकलेले म्हणून, आमच्याकडे सोपविण्यात आले. यादीला दोन रकाने होते. पहिल्यात यंत्रासोबत येणाऱ्या वस्तू होत्या, दुसऱ्यात जादा पैसे मोजून घ्यावयाच्या. दुसऱ्याचा मथळा इंग्रजीत होता. तो मोठ्याने वाचून दाखविताना आमच्या तोंडून सवयीने 'ऐच्छिक' असेच आले.

'जेसीबी' हे वास्तविक विशेषनाम. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थांनी १९४५ साली अटॉक्सिटर गावी सुरू केलेल्या उद्योगाची ती आद्याक्षरे. मराठीने त्यांचे सामान्यनाम करून टाकले. पुढे माती भरणारे लोडर आणि मागे खणणारा लांब हात, अशी रचना असलेले कोणत्याही कंपनीचे यंत्र आमच्या माण तालुक्यात जेसीबीच असते. डिसेंबर २०१४मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले, नाला खोलीकरणाची कामे गावोगाव निघाली, आणि त्याच सुमारास बंधूंनी कर्ज काढून एक जुने यंत्र घेतले. ते यंत्र आता थकले होते. त्याच्यासोबत त्याचे चालकही थकत चालले होते, हे मात्र आमच्यापैकी कोणी बोलून दाखविले नव्हते.

या चालकांना आमच्या घरी सगळे मामा म्हणतात. ते वडार समाजातले. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर हातोडा-छिन्नीने दगड फोडला. मामांनी तोच काळा पाषाण लिव्हर ओढून उपसला. पगारावर तासामागे भत्ता, असा त्यांचा करार. अलीकडे ते यंत्रावरून उतरले की काही क्षण चाकाला हात टेकून उभे राहत आणि मगच चालू लागत. आम्ही ते पाहत होतो. पण पाहणे आणि वाचणे यांत जो फरक आपण विद्यार्थ्यांना सांगतो, तो येथे आमच्याच ध्यानी आला नाही.

टायरांचा प्रश्न पहिल्यांदा निघाला. आमचे ज्ञान शून्य, तेव्हा आम्ही यादी एखाद्या पोथीसारखी लावू लागलो. १६.९-२८ म्हणजे मागचा टायर १६.९ इंच रुंद आणि २८ इंची रिमवर बसणारा. मधली आडवी रेघ हे साध्या, तिरप्या थरांच्या नायलॉन टायरचे चिन्ह. रेघेच्या जागी 'आर' असता तर तो रेडियल. पुढच्या चाकांनाही जोर हवा असेल तर तिथे १२.५/८०-१८, यातला ८० हा आकडा टायरची उंची रुंदीच्या ८० टक्के असल्याचे सांगतो. त्यापुढे 'पीआर'चा आकडा. तो पूर्वी सुती थरांची संख्या सांगे. आता थर तितके नसतात, तेवढी ताकद असते. शब्द राहावा आणि अर्थ सरकावा, याचे इतके स्वच्छ उदाहरण भाषाशास्त्राच्या तासालाही आम्हाला मिळाले नव्हते.

नक्षीचेही प्रकार होते. शेतीच्या टायरची नखे खोल आणि विरळ, चिखल आपोआप गळून पडावा अशी. पण डांबरी रस्त्यावर ती लवकर झिजतात. औद्योगिक टायरची नखे उथळ आणि दाट, रस्ता आणि रान दोन्ही सांभाळणारी. आमच्याकडे मुरूम, त्याखाली बेसाल्ट, आणि एका कामावरून दुसऱ्या कामाला डांबरी रस्त्याने जाणे. तेव्हा नक्षी औद्योगिक ठरली. रेडियल बसायला मऊ, पण त्याची बाजूची भिंत पातळ. आमच्याकडचे दगड नेमके तिथेच कापतात. म्हणून साधा नायलॉन. इथवर दुमत नव्हते.

दुमत झाले ते दुसऱ्या रकान्यावरून. बंधूंना तीन गोष्टी हव्या होत्या: दगड फोडण्याचा ब्रेकर, खड्ड्यासाठी अरुंद बकेट, आणि टायरांत हवेऐवजी फोम. हा फोम द्रवरूपात भरतात, तो आत घट्ट होतो, आणि मग पंक्चर ही गोष्टच उरत नाही. मागल्या वर्षी पंक्चरपायी त्यांचे अनेक दिवस बुडाले होते, तेव्हा मागणी अवाजवी नव्हती. त्याच रकान्यात खाली आणखी दोन वस्तू होत्या: वातानुकूलित केबिन, आणि चालकाच्या वजनानुसार दाब जुळविता येणारी स्प्रिंगची बैठक. त्यांच्यापुढे बंधूंनी काही न बोलता फुली मारली होती.

त्या फुल्या पाहताना आम्हाला वामन आठवला, हे कबूल करावे लागेल. काव्याचे गुण नित्य आणि अलंकार अनित्य, अशी वाटणी त्याने केली. आनंदवर्धनाने अलंकारांना अंगावरच्या कड्याकंकणांसारखे मानले. आम्ही ही मांडणी वर्षानुवर्षे शिकवली. परंतु नित्य काय आणि अनित्य काय हे कोणाच्या जागी बसून ठरवायचे, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. मालकाच्या दृष्टीने ब्रेकर नित्य, कारण तो कमावतो. बैठक अनित्य, कारण तिच्यावर दुसराच कोणी बसतो.

आम्ही मामांना बोलावण्याचा आग्रह धरला. ते आले, ओसरीच्या कडेला बसले आणि यादी आम्ही वाचली तशी ऐकत राहिले. ब्रेकर घ्याच, म्हणाले, तास वाढतील. केबिनबद्दल विचारले तेव्हा हसले. फोमचे ऐकताच मात्र त्यांचे हसणे थांबले.

"गार हवा नसली तरी चालंल, अण्णा," ते बंधूंना म्हणाले. "चाकातली हवा तेवढी राहू द्या."

आम्हाला अर्थ कळला नाही. तो बंधूंनी, काहीशा ओशाळल्या स्वरात, समजावून सांगितला. या यंत्राला मोटारीसारखे पाटे नसतात. मागचा आस चौकटीला थेट आवळलेला. पुढचा नुसता एका खिळीभोवती डोलतो. खणताना यंत्र जॅकवर उभे असते, ते ठीक. पण पुढचे बकेट भरून ढिगाऱ्यांवरून दिवसभर जा-ये करताना दगड आणि माणसाचा मणका यांच्यामध्ये टायरातली हवा आणि बैठक, एवढेच असते. फोम भरला की टायर जड आणि कडक होतो. आणि एकदा भरलेला फोम काढताही येत नाही. बंधूंना हे सारे ठाऊक होते. मामांनाही ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त यादीचा अर्थ लावणाऱ्या आम्हाला.

त्या रात्री हिशेब पुन्हा मांडला गेला. ब्रेकर आणि केबिन, दोन्ही कर्जात बसत नव्हते. सरकारने १ ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची केली. तो नियम एन-२ आणि एन-३ या मालवाहू वर्गांपुरता, त्यात आमचे यंत्र येत नाही. म्हणजे एका चालकाची गरज कायद्याने नित्य ठरली आणि दुसऱ्याची मालकाच्या इच्छेवर राहिली. 'ऐच्छिक' या शब्दात इच्छा असते, पण ती कोणाची हे शब्द सांगत नाही.

अखेर बंधूंनीच एक कसोटी काढली. जे पुढे केव्हाही जोडता येते ते थांबू शकते. जे आरंभीच घडवून घ्यावे लागते ते आधी. ब्रेकरची हायड्रॉलिक नळी आताच बसवून घ्यायची आणि ब्रेकर लागेल तेव्हा भाड्याने आणायचा. बंद केबिन मात्र कारखान्यातूनच यायला हवी. बैठकही. चाकांत हवाच. कुंतकाने अलंकार हा काव्याला मागाहून चिकटविलेला नसतो असे का म्हटले, ते आम्हाला या हिशेबाच्या वहीत पूर्वीपेक्षा बरे समजले. बंधूंना त्याचे सोयरसुतक नव्हते. ब्रेकर नसल्याने दोन कामे हातची गेली, हे ते आम्हाला अधूनमधून ऐकवतात, आणि ते खरेही आहे.

यंत्र पाडव्याला आले. वैशाखात एका पाझर तलावाचा गाळ काढण्याचे काम चालले होते, तिथे आम्ही दुपारी सहज गेलो. लांबूनच दिसले की केबिनचे दार सुतळीने बांधून उघडे ठेवले आहे आणि मामा डोक्याला ओला पंचा गुंडाळून आत बसले आहेत. जवळ जाऊन कारण विचारले. गार हवेला डिझेल जास्त जाते, आणि डिझेलचा हिशेब संध्याकाळी द्यावा लागतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले. आम्ही यादी बदलली होती. हिशेबाची वही तशीच होती.

बंधू मागून आले. त्यांनी खिशातून चाकू काढून सुतळी कापली.

"मामा, दार लावा," ते म्हणाले. "आजपासून डिझेल विचारणार नाही."

मामांनी काही क्षण त्यांच्याकडे पाहिले. मग दार ओढून घेतले. काच धुळीने भरलेली होती, त्यामुळे आत ते काय करीत आहेत हे आम्हाला दिसले नाही.