कुंपण, बर्फ आणि माती

‘कुंपणच शेत खाते’ असे आपण म्हणतो, आणि आपल्या महाविद्यालयातील कन्नड मित्र ‘बेलीये एद्दु होल मेय्दंते’ म्हणतात. भाषा दोन, म्हण एकच. कुंपणाचे दुखणेही सगळीकडे एकच असते, हे मात्र मला माझ्या आतेभावामुळे कळले.

दादा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात पशुविज्ञान शिकतो आणि सुट्टीत तेथील एका गोठ्यावर काम करतो. हिवाळ्यात तेथे पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो, तरी कालवडी उघड्या कुरणात असतात. त्यांच्याभोवती विजेच्या तारांचे कुंपण. इकडे खानापूर तालुक्यातील आमच्या शेतावरही बाबांनी गवे आणि रानडुकरे यांच्यासाठी सौर झटका मशीन बसवले आहे. त्यामुळे फोनवर आमचे बोलणे हवापाण्यावरून हटकून कुंपणावर येते.

या कुंपणाचे शास्त्र साधे आहे. मशीन साधारण सेकंदाला एक असे विजेचे ठोके तारेत सोडते. दाब काही हजार व्होल्ट, पण ठोका क्षणाच्याही अगदी लहान अंशापुरता. म्हणून जनावर दचकते, मरत नाही. वीज तारेतून जनावराच्या अंगात, खुरांतून जमिनीत आणि जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या सळईतून परत मशीनकडे जाते. म्हणजे कुंपणाची अर्धी तार मातीच असते!

बर्फ नेमकी हीच अर्धी तार तोडतो. भुसभुशीत कोरड्या बर्फात हवा कोंडलेली असते, त्यातून वीज जात नाही. गोठलेली मातीही वीज नीट वाहून नेत नाही. त्यात थंडीने जनावरांची लव दाट झालेली. कालवड तारेला अंग घासते आणि काहीच घडत नाही. ओला बर्फ खालच्या तारेवर चढला, तर वीज त्यातून झिरपून वाया जाते.

दादा सांगतो, तेथे एक तार विजेची आणि तिच्या शेजारची अर्थिंगची ठेवतात. जनावर दोन्हींना एकदम टेकले, की मातीवाचून परिपथ पुरा होतो. खालच्या तारेला वेगळा स्विच. ती बर्फात बुडाली की बंद करायची. सौर पट्टी उभट लावायची, म्हणजे बर्फ घसरून पडतो. बॅटरी भरलेली ठेवायची, कारण उतरलेली बॅटरी गोठून फुटते. ५० अंशांच्या फरकाने १०० मीटर पोलादी तार सुमारे ६ सेंटिमीटर आखडते, म्हणून ताणाला स्प्रिंग. आणि वाऱ्याने बर्फाचा ढीग कुंपणाला टेकला, तर फावडे घ्यायचे. नाहीतर कालवडी ढिगावर चढून सरळ रस्त्यावर!

हे ऐकून बाबा हसले. एप्रिलमध्ये आमची तांबडी माती वाळून ठणठणीत झाली, की ते रोज संध्याकाळी सळईच्या बुडाशी दोन घागरी पाणी ओततात. तिकडचा बर्फ आणि इकडचा उन्हाळा, दोघांचे काम एकच: मातीतले पाणी विजेला मिळू न देणे.

२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या उसात गवे शिरले. तेव्हा एकाने बाबांना सल्ला दिला, “मशीनची भानगड कशाला? घरातली लाईन सरळ तारेला जोडा.” घरातला दाब २३० व्होल्ट, पण प्रवाह अखंड, त्याला चिकटलेला जीव सुटत नाही. अशी जोडणी बेकायदा आहे. अशा तारांनी हत्ती मेले आहेत, गवे मेले आहेत आणि खुद्द शेतकरीही मेले आहेत. बाबा एवढेच म्हणाले, “रात्री पाणी पाजायला मी जातो, पोरे जातात. तार आम्हांला ओळखणार आहे का?”

त्या वर्षी आमचा बराच ऊस गेला. बाबांनी आणखी एक सळई पुरली, तारेखालचे गवत कापले आणि घागरींचा नेम चालू ठेवला. कुंपण एकदा घालून मोकळे होता येत नाही, ते रोज राखावे लागते. त्या रोजच्या कामाचा कंटाळा आला, की माणूस लाईन जोडतो आणि ती म्हण अक्षरशः खरी करतो. तेव्हा कुंपण नुसते शेत खात नाही, धन्यालाही खाते.