गेरूच्या रेघा

बेंबळीतलं ते जुनं घर मी पहिल्यांदा पाहिलं ते भर वैशाखात. ओसरीवर पाणी पिऊन झालं तशा घर विकणाऱ्या आजी उठल्या. म्हणाल्या, "आधी तळघर बघा बाबा. घर एकदा मनात भरलं की खोट दिसत नाही."

दगडी पायऱ्या उतरलो. खाली ज्वारीच्या पोत्यांचा जुना वास, आणि भिंतीवर गेरूच्या आडव्या रेघा. सगळ्यांत वरची माझ्या कमरेला येत होती. एका पावसाळ्यात पाणी तिथवर चढलं होतं. आजींचे मालक दर साली रेघ ओढायचे. पुढच्या रेघा गुडघ्याला, मग घोट्याला. शेवटची फरशीला टेकलेली.

आपला मुलूख पाण्यासाठी डोळे लावून बसणारा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्याच मुलखात एका घराला पाण्याची भीती वाटत होती. काळ्या मातीचा स्वभावच तसा. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्या भेगांत हात जातो. तिच्यावर टेकलेलं घर दर साली जरासं उचललं जातं, जरासं खचतं. म्हणून जाणता गवंडी काळी उपसून मुरूम लागेपर्यंत पाया नेतो. या घराचा एक कोपरा काळीवरच राहिला होता, आणि पन्हळीची धार नेमकी तिथंच पडायची. कोपरा खचला, तळघरात पाझर फुटला. आधी सिमेंटचा गिलावा झाला, तर ओल शेजारच्या भिंतीत चढली, लोणा लागला. अखेर एका गवंड्यानं पन्हळ लांब नेली, अंगणाचा उतार फिरवला, भिंतीलगत चर खणून खडी भरली आणि कोपऱ्याचा पाया टप्प्याटप्प्यानं मुरमावर बसवला. पाण्याला अडवणं सोडून त्यानं वाट दिली, तेव्हा कुठं रेघा उतरू लागल्या.

वर येऊन मी भिंतींना हात लावला. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट या मुलखात कुणी विसरलेलं नाही. रात्री गणपती बोळवून माणसं झोपली होती. किल्लारी, सास्तूरकडची दगडमातीची जाडजूड घरं त्यांच्यावर कोसळली. भिंतींचे आतले-बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते. ते फाकले आणि माळवदाची माती खाली आली. भिंतीच्या जाडीवर विसंबण्याचे दिवस तेव्हाच संपले. या भिंतींत नंतर बसवलेले आरपार दगड आजींनी एकेक करून दाखवले.

दुखणं कुठल्या घराला नसतं? मला भीती वाटते ती नव्या रंगाखाली बुजवलेल्या भेगेची. जी भेग दाखवली जाते तिच्यावर इलाज करता येतो, तिच्यावर नजर ठेवता येते. आजींनी मला आधी त्या रेघा दाखवल्या, आणि माझा विश्वास त्या घरावर बसला.

व्यवहार झाला. किल्ली देताना त्या म्हणाल्या, "तेवढ्या रेघा पुसू नका."

भाद्रपदात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी गेरूची वाटी घेऊन खाली उतरलो. फरशी कोरडी होती. वाटी मी तिथल्या देवळीत ठेवून दिली. रेघ ओढायची वेळ आली, तर ती ओढायला हवी. माझ्यानंतर हे घर घेणाऱ्यानं ती वाचायला हवी.