घरातला मोडेम आणि मराठीतला एक कागद

'मोडेम' हा शब्द दोन इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून घडला आहे: मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर. संगणकाचे म्हणणे तारेला पेलेल अशा रूपात घालणे हे पहिल्याचे काम, आणि तारेवरून आलेले पुन्हा संगणकाला कळेल असे करणे हे दुसऱ्याचे. म्हणजे हे यंत्र मुळात दुभाष्याच आहे. सीमाभागात जन्मून येथल्याच न्यायालयांत आयुष्य घालवलेल्या आम्हांला दुभाष्याचे मोल वेगळे सांगावयास नको. साक्षीदार मराठीत बोलतो, त्याला प्रश्न कन्नडमध्ये पडतो, नोंद इंग्रजीत होते. मधल्या माणसाने एक शब्द गाळला तर एखाद्याचे शेत जाऊ शकते. म्हणूनच घरात बसलेल्या या नव्या दुभाष्याशी घरच्या माणसांनी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न आम्हांला क्षुल्लक वाटत नाही.

आमच्या घरी ब्रॉडबँड प्रथम आले ते दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून. त्या काळात सेकंदाला २५६ किलोबिट एवढा वेग असला की त्याला ब्रॉडबँड म्हणावे, असे २००४ च्या सरकारी धोरणाने ठरवले होते. ती मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिटांवर आणि २०२३ मध्ये २ मेगाबिटांवर गेली. तेव्हा एकाच तारेवर बोलणे आणि माहिती दोन्ही चालत, आणि त्यांना वेगळे करणारी स्प्लिटर नावाची लहानशी डबी बसवावी लागे. ती नसेल तर फोनवर खरखर ऐकू येई. आता तांबे गेले आणि काचेचा तंतू आला. त्यातून प्रकाश धावतो. घरातील पेटीला तंत्रज्ञ 'ओएनटी' म्हणतात, पण लोकांच्या तोंडी 'मोडेम' हाच शब्द राहिला आहे. लोक म्हणतात तेच आपणही म्हणावे.

जोडणी करावयास आलेला तरुण कन्नडभाषक होता. मुलगा गुणी. त्याने आमच्याशी मोडक्यातोडक्या मराठीत आणि आम्ही त्याच्याशी आमच्या बेळगावी कन्नडमध्ये बोलून काम व्यवस्थित पार पडले. शेजाऱ्यांत भाषेची अडचण सहसा येत नाही. अडचण आली ती कागदाची. खोक्यातली पुस्तिका सर्वस्वी इंग्रजीत होती, आणि तक्रारीच्या क्रमांकावर निवडावयास ज्या भाषा होत्या त्यांत मराठी नव्हती. हिरवा दिवा लागला, तरुण निघून गेला, आणि पेटीच्या पोटाला चिकटवलेला परवलीचा शब्द तसाच राहिला. खरी मांडणी येथून सुरू होते, आणि ती प्रत्येक घराने स्वतःच करावयाची असते.

ती कशी करावी ते क्रमाने सांगतो. पेटी शक्यतो घराच्या मध्यावर आणि उंचावर ठेवावी. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती, लोखंडी कपाट आणि मायक्रोवेव्ह भट्टी हे तिन्ही लहरींचे वैरी. पेटी दोन पट्ट्यांवर बोलते. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे दूर जाते पण संथ असते; ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते पण भिंतीपुढे दमते. तेव्हा माजघरापलीकडच्या खोलीसाठी पहिली आणि जवळच्या मेजासाठी दुसरी. काचेचा तंतू तीव्र कोनात वाकवू नये, आणि त्याचे उघडे टोक डोळ्यांसमोर कधीही धरू नये. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो अधिक धोक्याचा.

मग ब्राउझरमध्ये पेटीचा पत्ता टंकावा. पुष्कळ पेट्यांचा तो १९२.१६८.१.१ असा असतो. आपल्या पेटीचा नेमका पत्ता तिच्या पोटावर छापलेला सापडतो. वाचकहो, येथे एक गंमत आहे. आम्ही तो देवनागरी अंकांत लिहिला आहे, पण तसा टंकला तर पेटी उघडत नाही. तेथे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४३ मध्ये ज्यांना भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप म्हटले आहे तेच अंक लागतात. दार उघडले की सर्वांत आधी व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द बदलावा. तो बहुधा कंपनीने सरसकट ठेवलेला असतो आणि शोधणाऱ्याला सहज सापडतो. 'पीपीपीओई' या मथळ्याखाली कंपनीने दिलेले ग्राहकनाव आणि परवलीचा शब्द असतो. तो मात्र बदलू नये. वहीत उतरवून ठेवावा. पेटी पुसली गेली तर त्यावाचून जोडणी परत येत नाही.

यानंतर आपल्या वायफायला नाव देण्याची पाटी येते, आणि येथे भाषेचा प्रश्न अगदी अंकगणिताच्या रूपात उभा राहतो. या नावासाठी ३२ बाइटांची जागा असते. रोमन अक्षर एक बाइट घेते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त यांतले प्रत्येक, युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. म्हणजे आपल्याला दहा चिन्हे मिळतात. 'बेळगाव' लिहावयास सहा चिन्हे लागतात. १८ बाइटांत काम होते. 'खानापूर' २१ मध्ये बसते. 'महाराष्ट्र' या एका शब्दाला जोडाक्षरांमुळे पूर्ण ३० बाइट लागतात, आणि मागे दोन उरतात त्यांत आपले एक अक्षरही मावत नाही. यात कोणाचा पक्षपात नाही. कन्नड अक्षरालाही तीनच बाइट लागतात. या दारात मराठी आणि कन्नड एकाच रांगेत उभ्या आहेत. काही पेट्या देवनागरी नाव नाकारतात आणि काही जुन्या उपकरणांवर ते विचित्र चिन्हांत उमटते. आमच्या पेटीने ते स्वीकारले, आणि आता गल्लीतून जाणाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर रोमन नावांच्या यादीत एक देवनागरी नाव दिसते. त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही.

परवलीच्या शब्दाचे मात्र तसे नाही. त्याला ८ ते ६३ चिन्हे चालतात, पण ती रोमन कळफलकावरचीच. तरीही मराठी येथे कामी येते. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच घरगुती मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहावेत. ते आपल्या लक्षात राहतात आणि इंग्रजी शब्दांच्या याद्या चालवून पाहणाऱ्याला सहजी सापडत नाहीत. प्रसिद्ध म्हण, जन्मतारीख किंवा नातवाचे नाव घेऊ नये. संरक्षणाच्या पाटीवर 'डब्ल्यूपीए-३' किंवा 'डब्ल्यूपीए-२' निवडावे. कळ दाबताच जोडणारी 'डब्ल्यूपीएस' ही सोय बंद ठेवावी. पाहुण्यांसाठी वेगळे 'गेस्ट' जाळे असेल तर ते चालू करावे. वकील म्हणून एवढे सांगतो: जोडणी ज्याच्या नावावर आहे, तिच्यावरून झालेल्या कृत्याचा पहिला प्रश्न पोलीस त्यालाच विचारतात.

इतके लिहिण्याचे कारण आमच्या शाळेतल्या बाई. गल्लीच्या टोकाला त्या एकट्या राहतात, वय ऐंशीच्या पुढे, मुलगी वडोदऱ्याला. आम्हांला त्यांनीच बाराखडी शिकवली. त्यांच्या घरीही अशीच पेटी आली, आणि रोज रात्री आठ वाजता मुलीचा चेहरा पडद्यावर पाहणे हा त्यांच्या दिवसाचा आधार झाला. पण पेटी बंद पडली की त्या तिला हात लावीत नसत. "अरे, ते लाल झालंय बघ. तू येईपर्यंत मी तिकडं गेलेसुद्धा नाही," असे त्या म्हणत. एकदा आम्ही कामासाठी धारवाडला होतो. तीन दिवस दिवा लाल राहिला, तीन दिवस मुलगी घाबरी झाली, आणि बाई गप्प बसून राहिल्या. पिढ्यान्‌पिढ्या वाचावयास शिकवणारी बाई स्वतःच्या घरातल्या वस्तूपुढे निरक्षर ठरावी, ही गोष्ट आमच्या मनाला फार लागली.

परतल्यावर आम्ही एक कागद लिहिला आणि त्यांच्या पेटीशेजारी भिंतीवर चिकटवला. लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. नामे परकी राहिली तरी बिघडत नाही. 'वकील' आणि 'दावा' अरबीतून आले, 'फिर्याद' फारसीतून, 'चावी' आणि 'बटाटा' पोर्तुगिजांबरोबर, आणि 'तूप' व 'अडकित्ता' या शब्दांनी कन्नडशी आपले नाते सांगितले. मराठीने सर्वांना घरात घेतले. तेव्हा 'मोडेम' म्हणावयास हरकत नाही. क्रियापदे मात्र आपली हवीत. बंद करा, थांबा, लावा, पाहा, दाबू नका, सांगू नका: माणसाचा हात हलतो तो क्रियापदाने, आणि भीती जाते तीही त्यानेच.

कागदावर एवढेच होते. दिवा लाल झाला तर भिंतीवरचे बटण बंद करा. शंभर अंक मोजा. बटण लावा आणि पाच मिनिटे थांबा. दिवा हिरवा झाला तर काम झाले. पुन्हा लाल झाला तर बिघाड बहुधा बाहेरच्या तारेत आहे, तुमच्याकडून काही झालेले नाही. कंपनीला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक येथे लिहा. मागच्या बारीक भोकात टाचणी घालू नका, त्याने सारी मांडणी पुसली जाते. फोनवर कोणी परवलीचा शब्द किंवा भ्रमणध्वनीवर आलेले आकडे विचारले तर सांगू नका, तो कंपनीचा माणूस असला तरी.

ती शेवटची ओळ काही महिन्यांनी उपयोगी पडली. कोणी हिंदीत बोलणारा गृहस्थ म्हणाला की आज सायंकाळी तुमची जोडणी तुटणार, भ्रमणध्वनीवर एक अॅप उतरवा आणि आलेले आकडे सांगा. बाईंनी भिंतीकडे पाहिले. "माझ्याकडे लिहून ठेवलंय, सांगायचं नाही म्हणून," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यांचे निवृत्तिवेतन जमा होणारे खाते त्याच भ्रमणध्वनीशी जोडलेले आहे. समजणाऱ्या भाषेतली एक ओळ त्या दिवशी किती रकमेची होती याचा हिशेब आम्ही केला नाही.

आता थोडे कायद्याविषयी. अनुच्छेद ३५० प्रमाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या अधिकाऱ्याकडे आपले गाऱ्हाणे त्या त्या ठिकाणी वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. खासगी कंपनीला तो अनुच्छेद बांधत नाही, हे स्पष्ट समजून घ्यावे. तरीही ग्राहक म्हणून आपण निःशस्त्र नाही. तक्रार नोंदवताच तिचा क्रमांक मागून घ्यावा. निवारण झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते, ही दुहेरी रचना दूरसंचार नियामकाने २०१२ मध्ये घालून दिली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'सेवा' या शब्दात दूरसंचार स्पष्टपणे घातला आहे, आणि दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालतात असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. वेगाविषयी तक्रार करण्यापूर्वी एक हिशेब करावा: कंपनी मेगाबिट मोजते, संगणक उतरवून घेताना बहुधा मेगाबाइट दाखवतो, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसले तर कोणी फसवलेले नसते.

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, गोवा येथील वाचकांनाही आमची एक विनंती आहे. तुमच्याही घरी कोणी वडीलधारे असतील, ज्यांचे वाचन मराठीतच झाले आणि ज्यांच्या नगरीत मराठी पुस्तिका कोणी पाठवणार नाही. मराठी पुस्तिकेची मागणी जरूर करू, लेखी करू, पुन्हा पुन्हा करू. पण ती मान्य होईपर्यंत त्यांचा दिवा लाल राहू नये. एका रविवारी पेटीजवळ बसा, तिचे दिवे पाहा, मोठ्या अक्षरांत एक कागद लिहा, आणि तो त्यांच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या. जेथे ते अडखळतील ती ओळ बदला.