आडनावांचा रस्ता : नाशिक फाटा ते चाकण

नाशिक फाट्यावरून चाकणला जाताना बसच्या खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचाव्यात. भोसरी मागे पडते, मोशीला इंद्रायणीचा पूल येतो, आणि तोवर अत्तार, तांबोळी, बागवान अशी आपली आडनावे एकेक करून भेटत जातात.

बहुतेक आडनावे धंद्यावरून पडलेली. अत्तार अरबी, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा. बागवान फारसी, मूळ अर्थ माळी. आपल्याकडे तो फळांच्या गाडीवर येऊन बसला. तांबोळी तर थेट संस्कृत तांबूलातून आलेले. एकाच गल्लीत अरबी, फारसी आणि संस्कृत शेजारी म्हणून नांदतात, याचे मला फार कौतुक वाटते.

शिकलगार हे त्यातले माझे आवडते. अरबी ‘सैकल’ म्हणजे धातूची झिलई, त्याला फारसी ‘गर’ जोडला. तलवारींना धार आणि चकाकी देणारा तो शिकलगार. चाकणच्या संग्रामदुर्गापुढे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाची फौज जवळजवळ दोन महिने रोखून धरली. अशा लढायांच्या मुलखात शिकलगाराला कामाची ददात नसणार. आता त्या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर कारखाने आहेत, आणि शिकलगारांची मुले तिथे ग्राइंडिंगच्या मशीनवर उभी राहतात. आडनावाने पिच्छा सोडला नाही म्हणायचा!

शब्द असे वेश बदलून दूरवरही राहतात. स्पेनमधले मुसलमानांचे शेवटचे राज्य, ग्रानाडा, १४९२ साली गेले. पण ‘अल्काल्दे’ आडनावाची माणसे तिथे आजही आहेत. मूळ शब्द ‘अल-काझी’. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ नगराध्यक्ष झाला. ‘मेदिना’ म्हणजे शहर, ‘अल्कांतारा’ म्हणजे पूल. आपल्या काझींचे हे लांबचे भाऊबंदच.

शाळेत नाव घालताना मात्र हा विषय नुसता कौतुकाचा राहत नाही. गावाकडून इथे नोकरीला आलेली काही कुटुंबे पिंजारी, नदाफ ही आडनावे टाकून मुलांना शेख लावतात. वर्गात कुणी हसू नये, एवढेच कारण. नदाफ म्हणजे कापूस पिंजणारा. त्याने भरलेल्या गादीवर अख्खे गाव झोपत होते, त्यात लाजायचे काय?

पुढे ओबीसीचा दाखला काढायला जावे, तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आडनाव म्हणजे जात नव्हे, हे खरे. पण आजोबांच्या कागदावर नदाफ आणि नातवाच्या कागदावर शेख असेल तर वंशावळ जुळवता जुळवता शपथपत्रे, खेपा, साक्षीदार सुरू होतात. तोवर कॉलेजच्या प्रवेशाची मुदत टळते. मुलगी हुशार असूनही मागे राहते, ती अशी.

म्हणून जूनमध्ये मुलांचे नाव घालायला याल तेव्हा आजोबांच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा सोबत आणा. गावच्या शाळेत अर्ज करून तो मागता येतो. त्यावर जे आडनाव असेल, तेच फॉर्मवर लिहा.