लिलाव आणि कोपरे

परळ-लालबागच्या मातीत कबड्डी पाहिलेल्या आम्हांस खेळाडूंचा लिलाव प्रथम चमत्कारिकच वाटला. चढाईवाल्यावर धनिक पैसा उधळतात, कारण टाळ्या त्यालाच पडतात. परंतु २०१५ साली वरळीस यू मुंबाने बेंगळुरूस ३६-३० असे नमविले, त्यात आमच्या मते खरा आधार मोहित छिल्लर व सुरेंदर नाडा या कोपऱ्यांचा होता. एकाने घोटा धरावा, तोच इतरांनी परतीची वाट अडवावी. ही उमज पैशाने येत नाही, सहवासाने येते. २०१६ च्या जूनमधील मोसमापूर्वी दोघेही बेंगळुरूस गेले, मोहित तर ५३ लक्षांस! लागोपाठ तीन अंतिम सामने खेळलेला आमचा संघ त्या मोसमात उपांत्य फेरीसही पोहोचला नाही. तेव्हापासून लिलावाच्या यादीत आम्ही प्रथम कोपरेच शोधतो. चढाईवाल्यांची चिंता शेजारी करतातच.